निकालाचा अंदाज बांधण्याआधी

भावा, परवा कोल्हापूरच्या बिंदू चौकात भ्रष्टाचाराच्या आरोपात अडकलेल्या एका पुढाऱ्याबद्दल तू छातीठोकपणे सांगत होतास, "ह्यो आत जाणारच." छापा पडला, अटक झाली, एवढ्यावर निकाल सांगू नकोस. मी पण सुरुवातीला हेच करायचो.

आधी खटला कुठल्या टप्प्यावर आहे ते बघ. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १९ आहे. लोकसेवकावर, म्हणजे मंत्री, अधिकारी अशा सरकारी पदावरच्या माणसावर, खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कितीतरी प्रकरणं तिथंच रेंगाळतात, आणि बातमीत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत. मंजुरीचा कागद आला का, हे पहिलं विचार. जामीन मिळाला म्हणजे सुटला, असं तर अजिबात नाही.

आणि "कधी" हा प्रश्न "काय" पेक्षा अवघड. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री राहिलेल्या जयललितांचं बेहिशोबी मालमत्तेचं प्रकरण बघ. तक्रार १९९६ ची. विशेष न्यायालयानं २०१४ मध्ये दोषी ठरवलं, २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. तोवर त्या हयात नव्हत्या. मधल्या कुठल्याही वर्षी "संपलं" म्हणणारा चुकलाच असता. म्हणून अंदाज सांगताना कुठल्या कोर्टाचा आणि कधीपर्यंतचा, ते आधी ठरव.

पक्ष बदलला की तपास थंडावतो, असं सगळेच म्हणतात. तेही गृहीत धरू नकोस, तारखा तपास. कसबा बावड्याच्या कोर्टात एक दिवस नुसता बसून ये. साक्षीदार कसे फिरतात, तारखा कशा पडतात, ते डोळ्यांनी बघ.