गट पाडण्याआधी वस्तीतून फिरून ये

ख्रिस्तात प्रिय,

सप्रेम सलाम.

आपल्या चर्चच्या मंडळीचे वस्तीवार प्रार्थनागट करण्याचं काम पाळकसाहेबांनी तुझ्याकडे दिलं, याचा मनापासून आनंद झाला. तुझी यादी पाहिली. आडनावांच्या क्रमाने केलेले हे गट मोड. जुळे सोलापुरातलं घर अक्कलकोट रोडच्या गटात टाकलंस, तर रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की कोण पोचणार? चालत जाता येईल एवढ्या अंतरातली सात-आठ घरं एका गटाला पुरेत.

गटाचा प्रमुख निवडताना लांब प्रार्थना कोण करतं हे पाहू नकोस. अडचणीत शेजारी कुणाचं दार वाजवतात, ते विचारून ये. पुष्कळदा ते दार एखाद्या मावशींचं निघेल. त्यांना प्रमुख करताना कचरू नकोस.

इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये १७४२ साली मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी बारा-बारा जणांचे वर्ग केले, ते प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला. वर्गप्रमुख आठवड्याची पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले, तेव्हा कुठल्या घरात भांडण आहे, कोण दारूत बुडालंय, हे त्यांच्या लक्षात यायला लागलं. मग त्यांचे पुढारी जॉन वेस्लींनी माणसांची काळजी घेण्याचं काम त्याच वर्गांकडे सोपवलं. म्हणून प्रमुखाने घरी जायचं. फोनवर 'सगळं ठीक आहे ना' विचारून भागणार नाही.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट सांभाळ. कित्येक घरांत सून तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असते. मराठी प्रार्थनेत ती गप्प बसते आणि तिचं दुःख कुणाला कळत नाही. बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाच. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती, म्हणून तर सात जण नेमले गेले. त्या सुनेलाही तिच्या भाषेत प्रार्थना करू दे.

गटाच्या सभेचा वार यंत्रमागाची पाळी आणि नळाला पाणी येण्याचा दिवस पाहून ठरव. पाण्याच्या दिवशी कुठलीही बाई घर सोडून येणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही. गीत, वचन, प्रार्थना तासाभरात आटपा. प्रवचन रविवारी होतंच. चहाशिवाय काही ठेवू नका, नाहीतर गरिबाच्या घरी सभा भरणारच नाही.

घरात सांगितलेली गोष्ट 'प्रार्थनेचा विषय' म्हणून रविवारी व्यासपीठावरून जाहीर व्हायला नको. त्या घराची परवानगी असेल तरच. याबाबत प्रमुखांशी अगदी कडक राहा. एकदा विश्वास गेला की ते कुटुंब उपासनेलाही येईनासं होतं. दानाचे पैसे गटात ठेवू नका, खजिनदारांकडे जाऊ देत. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन पाळकांकडेच राहील. महिन्यातून एकदा त्यांना सगळ्या प्रमुखांबरोबर बसव.

सगळे गट एकदम सुरू करू नकोस. रेल्वे लाइन्स आणि विडी घरकुल, या दोन वस्त्यांचेच घे. उपवासकाळाचे चाळीस दिवस ते चालू देत. पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, दोन्हीकडच्या प्रमुखांना घेऊन माझ्याकडे ये. तोवर कोणत्या घरात अजून कुणीच गेलेलं नाही, त्यांची नावं लिहून ठेव.

तुझे काका