ऑडिशनच्या खोलीतला न्याय आणि खोलीबाहेरचा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

म्युझिकल थिएटरच्या, म्हणजे गाणे-नाच-अभिनय एकत्र असणाऱ्या नाटकांच्या, बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) अभ्यासक्रमांसाठी होणारी ऑडिशन न्याय्य असते का, असे तू विचारले आहेस. तुझ्या वरच्या वर्गातल्या मैत्रिणीला सगळीकडून नकार आला आणि तिच्याइतके चांगले न गाणारा एक मुलगा दोन ठिकाणी निवडला गेला, हेही तू त्याखाली लिहिले आहेस, त्यामुळे प्रश्नामागचा राग मला समजला. न्यूयॉर्कच्या आसपास अशा ऑडिशनांना पियानोवर साथ करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. निवडीत माझे मत कोणी विचारत नाही, पण प्रत्येक उमेदवार मी ऐकते, म्हणून जे दिसले तेवढेच लिहिते.

सुरुवात त्या मुलापासून करू. मिशिगन विद्यापीठ, कार्नेगी मेलन किंवा सिनसिनाटीचे कॉलेज-कन्झर्व्हेटरी ऑफ म्युझिक अशा नामांकित ठिकाणी हजाराच्या वर अर्ज येतात आणि वर्ग साधारण दहा ते पंचवीस जणांचा असतो. त्यातल्या जागा मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात, कारण चार वर्षे त्याच मुलांना घेऊन नाटके उभी करायची असतात आणि तिथल्या संहितांमध्ये पुरुषपात्रे भरपूर असतात. अर्जांमध्ये मात्र मुलींची संख्या कितीतरी जास्त असते. म्हणजे तुझी मैत्रीण आणि तो मुलगा एका रांगेत कधी उभेच नव्हते. ही विभागणी मला पूर्णपणे अन्यायाची वाटत नाही, परंतु ती उघडपणे सांगितली जात नाही हे मला खटकते. सतरा वर्षांच्या मुलीकडून अर्जाचे शुल्क घेण्यापूर्वी तिच्या रांगेची लांबी तिला सांगणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

तुझ्या आई-वडिलांना ही गोष्ट समजावून सांगणे अधिक कठीण जाईल. ते ज्या परीक्षांमधून वर आले तिथे गुणवत्ता यादी लागत असे, आणि दोनशेव्या क्रमांकाचा विद्यार्थी दोनशे एकाव्याच्या पुढेच असे. इथे यादी लागत नाही, वर्ग बांधला जातो. गेल्या वर्षी उंच पट्टीच्या तीन सोप्रानो घेतल्या असतील, तर यंदा परीक्षकांचे कान भारदस्त, खालच्या आवाजाच्या मुलीकडे लागलेले असतात. नृत्यात कच्चा वर्ग झाला असेल, तर पुढच्या वर्षी नर्तकांना झुकते माप मिळते. त्यामुळे नकाराचा अर्थ ‘कमी गुण’ असा लावू नकोस, आणि होकाराचाही ‘पहिला क्रमांक’ असा लावू नकोस.

तरीही खोलीच्या आत अन्याय होतच नाही, असे मी म्हणणार नाही. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने १९५२ मध्ये वादकांची निवड पडद्याआडून ऐकून करण्याची पद्धत सुरू केली आणि पुढच्या दशकांत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांनी ती स्वीकारली. वादक कोण आहे हे न कळता फक्त वादन ऐकायचे, हा त्यामागचा विचार होता. रंगभूमीला ती सोय नाही, कारण इथे पाहायचे असते ते माणूसच. चेहरा, उंची, देहयष्टी, रंग हे सगळे पहिल्या स्वराच्या आधी परीक्षकांपर्यंत पोहोचते आणि ‘टाइप’ नावाच्या एका सैल शब्दात जमा होते. या शब्दाखाली जितकी कलात्मक समज दडलेली असते तितकाच आळसही दडलेला असतो, असे माझे मत आहे. आपल्याकडे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून त्यांच्या पेहरावाची नक्कल करणाऱ्या प्रेक्षकांना कोण कुठल्या भूमिकेत शोभते याची कल्पना किती लवचीक असू शकते हे ठाऊक होते, हे जाता जाता सांगते.

त्यात वेळ फार थोडा. दोन गाण्यांचे तुकडे, एक स्वगत, दोन-चार प्रश्न, आणि पुढचा उमेदवार. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्राथमिक फेरीतून निवडलेल्यांना काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावतात. तिथे विद्यार्थी शिकताना कसा दिसतो हे कळण्याची शक्यता तरी असते. अमेरिकेतल्या कार्यक्रमांना इतक्या अर्जांमध्ये ते झेपणारे नाही हे मान्य, पण जिथे परीक्षक गाणे थांबवून ‘आता हेच रागावून म्हण’ असे सांगतात, त्या खोल्यांवर माझा विश्वास अधिक आहे. तुला असे सांगितले गेले तर बिचकू नकोस; तो दोष दाखवणे नसते, तुझ्याबद्दलची उत्सुकता असते.

तुझ्या भारतीय असण्याबद्दलही लिहायला हवे. मिशिगनच्या मतदारांनी २००६ मध्येच सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाला प्राधान्य देण्यावर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच देशभरासाठी मोडीत काढली. मात्र आपल्या पार्श्वभूमीने आपले आयुष्य कसे घडवले हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, हे त्याच निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा वंशामुळे जागा मिळेल किंवा जाईल, असे हिशेब मांडत बसू नकोस. त्यांना ‘भारतीय मुलगी’ हवी असेल अशा समजुतीने गाणी निवडू नकोस, आणि ती नको असेल अशा भीतीने नाट्यगीताची तालीम लपवूही नकोस. अनेक संस्थांनी स्वीकारलेल्या सामाईक प्रीस्क्रीनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावण्याआधी मागवल्या जाणाऱ्या व्हिडिओंमध्ये, ‘वाइल्ड कार्ड’ नावाचा एक ऐच्छिक, छोटा व्हिडिओ असतो, ज्यात तुला आवडेल ते दाखवता येते. मंडळाच्या गणेशोत्सवात तू गायलेले पद तिथे तानांसह गा, आणि ते कुठून आले हे एका वाक्यात सांग.

मला सर्वांत मोठा अन्याय दिसतो तो मात्र खोलीच्या बाहेर. प्रत्येक अर्जाचे शुल्क, त्यावर कलाविभागाचे वेगळे शुल्क, गाण्याचा, अभिनयाचा आणि नृत्याचा वेगवेगळा प्रशिक्षक, शिवाय कुठे अर्ज करावा हे सांगणारा सल्लागार, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत युनिफाइड ऑडिशनसाठी (अनेक संस्था एकाच ठिकाणी घेतात त्या ऑडिशनसाठी) न्यूयॉर्क, शिकागो किंवा लॉस एंजेलिसला विमानाचा आणि हॉटेलचा खर्च: पंधरा-वीस ठिकाणी अर्ज करणाऱ्या कुटुंबाचे हजारो डॉलर यात सहज जातात. परीक्षक कितीही प्रामाणिक असले तरी त्यांच्यापर्यंत पोहोचणारी मुले आधीच गाळली गेलेली असतात. सामाईक प्रीस्क्रीनमुळे हा भार थोडा हलका झाला, कारण पूर्वी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या मागण्यांसाठी वेगळे चित्रीकरण करावे लागे आणि आता साठ ते नव्वद सेकंदांचे तेच तुकडे अनेक ठिकाणी चालतात.

तुला महागडे चित्रीकरण लागणार नाही. मोबाइल स्टँडवर आडवा ठेव, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येऊ दे, आणि पियानोच्या ट्रॅकचा स्पीकर मोबाइलपासून दूर, तुझ्या बाजूला ठेव. व्हिडिओ बिघडतो तो बहुधा ट्रॅकने आवाज झाकल्यामुळे. शुल्कमाफीसाठी लाजू नकोस. विद्यापीठाची शुल्कमाफी आणि कलाविभागाची शुल्कमाफी वेगळ्या असतात, त्यामुळे दोन्हीकडे स्वतंत्रपणे विचार.

संस्थांना विचारण्याचे प्रश्नही आहेत, आणि ते विचारल्याने कोणी नाराज होत नाही. वर्गात किती मुली घेता? पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना कार्यक्रमातून वगळता का? काही ठिकाणी असे होते, आणि प्रवेशाइतकीच ती निवडही जाचक असते. विद्यापीठाचा प्रवेश वेगळा ठरतो का, म्हणजे कलाविभागाने हो म्हटल्यावरही दहावी-अकरावीच्या गुणांमुळे नकार येऊ शकतो का? शिष्यवृत्ती गुणांवर आहे की गरजेवर, आणि ती चारही वर्षे टिकते का? ज्या संस्थेची उत्तरे गोलमोल येतील, तिचे नाव कितीही मोठे असले तरी तिला यादीत खाली ढकल.

यादीत ऑडिशन न घेणारे किमान दोन-तीन बीए अभ्यासक्रम असलेच पाहिजेत, आणि ते तुला मनापासून आवडणारे असावेत, नुसते राखीव नकोत. प्रीस्क्रीनच्या मुदती बहुतेक ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत संपतात. गाण्यांचे तुकडे ऑगस्टपर्यंत ठरवून मला पाठव. पट्टी आणि कुठे कापायचे हे आपण पियानोवर बसून पाहू. मैत्रिणीलाही सोबत आण, तिला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असेल तर तिच्या गाण्यांकडेही एकदा नव्याने पाहायला हवे.

तुझी,
मावशी