ठाण्याहून पनवेलच्या कॉलेजात रोज लोकलने जाणाऱ्या, संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीसाठी ५० हजारांत कोणता लॅपटॉप घ्यावा?

आपल्या मुलीसाठी १४ इंची पडद्याचा, दीड किलोच्या आसपास वजनाचा, १६ जीबी रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) आणि ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवण्याची जागा) असलेला लॅपटॉप निवडावा; कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. वाशीत लॅपटॉपदुरुस्ती करताना माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण बहुतेक वेळा प्रोसेसरची नसून रॅमची असते, कारण अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर), त्यातला एम्युलेटर (पडद्यावर चालणारा आभासी फोन) आणि ब्राउझर एकाच वेळी चालवले की ८ जीबी अपुरी पडते. १६ जीबी बजेटात बसतच नसेल, तर ८ जीबीचे मॉडेल चालेल, परंतु त्यात रॅमचा स्लॉट (रॅम बसवण्याची खाच) आहे ना, हे केवळ दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते आणि स्लॉट नसल्यास ती पुढे वाढवता येत नाही. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत पाठीवरचे ओझे खरोखरच जाणवते, म्हणून यूएसबी-सी चार्जिंग असल्यास उत्तम; फोन आणि लॅपटॉपला एकच चार्जर पुरू शकतो. मात्र अभ्यासक्रमात त्रिमितीय आरेखनाचे जड काम असेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागेल, आणि मग किंमत व वजन दोन्ही वाढतील.