घर विकायचंय, मग आधी खर्च कशावर करायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे, बिल्डिंग १९९८ ची. मिस्टर रिटायर झालेत, आता मुलाकडे पुण्याला शिफ्ट व्हायचंय. ब्रोकर म्हणतो मॉड्युलर किचन आणि नवीन टाईल्स करून घ्या, भाव चांगला येईल. सहा लाखांचं कोटेशन आलंय. बेडरूमच्या एका भिंतीला थोडी ओल आहे, पेंटर म्हणतो पुट्टी मारून रंगवून देतो, दिसणार नाही. काय करावं?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सहा लाख घालू नका. मॉड्युलर किचन ज्याला वापरायचंय त्याच्या आवडीनं होतं, तुम्ही पांढऱ्या लॅमिनेटचं केलंत आणि घेणाऱ्या बाईंना तेलकट हात लागतात म्हणून डार्क कलर हवा असेल तर पहिल्या सहा महिन्यांत ते निघणार, आणि त्याचे पैसे तुमच्या भावात कुणी धरणार नाही. कडप्प्याचा ओटा आहे ना, तो घासून स्वच्छ करा, सिंकखालचा पाईप गळत असेल तर बदला, ट्रॉल्यांची चाकं अडकत असतील तर सुताराला बोलवा, बस. टाईल्सचंही तेच. तुटलेल्या चार-पाच बदला, बाकी फरशी मशीन पॉलिश होण्यासारखी असेल तर करून घ्या.

आता ओलीचं. खरा मुद्दा हा आहे आणि पेंटरनं तोच झाकायला सांगितलाय. ती भिंत बाथरूमला लागून आहे का बघा. बहुतेक वेळा असते. कपाट पुढं ओढा आणि स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीपर्यंत हात फिरवा, रंग फुगलेला लागेल, नखानं उकरलं की पापुद्रा सुटेल आणि आत पांढरी भुकटी दिसेल. त्याला लोणा म्हणतात. भिंतीत पाणी मुरतं, ते बाहेर येऊन सुकतं आणि आतले क्षार पृष्ठभागावर साचतात. त्यावर पुट्टी मारली तर दिवाळीपर्यंत छान दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पडेल, कारण पाणी यायचं थांबलेलंच नाही. घर बघायला येणारा माणूस आता शहाणा झालाय हो, तो सोबत काका-मामा आणतो, कपाटामागं डोकावतो, आणि बाकी सगळं जुनं असताना एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की तिथंच थांबतो. शिवाय माहीत असलेली ओल लपवून घर विकणं मला पटत नाही, समोरचा आयुष्यभराचं कर्ज काढून येतोय.

मग करायचं काय? बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, दोन बोटं पाणी भरा आणि २४ तास तसंच ठेवा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, त्यांच्या छताला डाग येतो का आणि तुमच्या बेडरूमची भिंत जास्त ओली होते का ते बघा. काहीच झालं नाही तर दोष भिंतीतल्या पाईपमध्ये असू शकतो, तो प्लंबर प्रेशर टेस्ट करून शोधतो. ट्रॅपच्या कडेनं किंवा टाईल्सच्या सांध्यातून पाणी जात असेल तर कधीकधी सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं तरी भागतं, पण खालचा कोबाच (फरशीखालचा पाणी अडवणारा थर) गेला असेल तर फरशी काढून वॉटरप्रूफिंग नव्यानं करावं लागेल. हा खर्च नक्की करा. पाणी थांबल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या, प्लास्टर फुगलं असेल तर तेवढा भाग काढून नवीन करा, मगच प्रायमर आणि रंग. बिल आणि गॅरंटीचा कागद जपून ठेवा आणि घर बघायला येणाऱ्याला स्वतःहून दाखवा, ओल होती, अमुक महिन्यात काम केलंय, हे बिल. यानं जितका विश्वास बसतो तितका किचननं बसत नाही.

एक मात्र आधी तपासा. पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल तर ते काम सोसायटीचं, तुमचं नाही, आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) तसं आहे, सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बिल्डिंग १५ वर्षांच्या पुढची आहे म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटही दर पाच वर्षांनी व्हायला हवं (३० च्या पुढं गेली की दर तीन वर्षांनी), रिपोर्टची कॉपी मागून ठेवा, घेणारा विचारणारच.

रंग सगळ्या घराला एकच फिकट द्या, साधं इमल्शन पुरे. नळ गळका नको, सैल झालेले स्विच बदला, पंख्याची कुरकुर घालवा, खिडकीच्या फाटक्या जाळ्या बदला आणि माळ्यावरचं सामान आत्ताच काढा, तसंही शिफ्टिंगला काढायचंच आहे. वॉटरप्रूफिंग पावसाआधी उन्हाळ्यात करा म्हणजे एक पावसाळा बघूनही होईल, आणि घर दसऱ्याच्या सुमाराला दाखवायला काढा, पितृपक्षात टोकन द्यायला सहसा कुणी येत नाही.

आणि ड्राय बाल्कनी आत घेतली असेल किंवा भिंत पाडून हॉल वाढवला असेल तर आधीच सांगा, कारण बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशाशी ताडून बघतो आणि लोन तिथं अडकतं. शेअर सर्टिफिकेट, आधीची सगळी अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), टॅक्सची पावती हे एका फाईलला लावा. सोसायटी ट्रान्सफरसाठी भरमसाट देणगी मागत असेल तर महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, देणगीच्या नावाखालीही त्याहून जास्त मागता येत नाही.

प्रश्न : कोथरूडला आमची जुनी सोसायटी आहे, रिडेव्हलपमेंटची बोलणी चाललीत पण अजून काही फायनल नाही. फ्लॅट विकायचाय. आतून रिनोव्हेट करून विकू का आहे तसा?
- एक वाचक, पुणे

उत्तर : आहे तसा विका, दादा. घेणारा जागेकडे आणि पुढं मिळणाऱ्या नव्या फ्लॅटकडे बघून येणार, आतलं सगळं पुढं पाडलंच जाणार आहे. तुम्ही पैसे नाही, थोडा वेळ घाला. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का), जनरल बॉडीत काय ठराव झालेत, ७९ए ची, म्हणजे सहकार कायद्यानुसार रिडेव्हलपमेंटची प्रक्रिया कुठवर आली, फ्लॅटचा कार्पेट एरिया कागदावर नक्की किती, हे सगळं मिनिट्सच्या कॉपीसकट गोळा करा. तुमच्या केसमध्ये भाव याच गोष्टींवर ठरतो. ‘बिल्डर इतके टक्के जास्त देणार आहे’ असं तोंडी सांगून भाव मागू नका, अ‍ॅग्रीमेंटवर सही होईपर्यंत ते काही पक्कं नसतं. साफसफाई, चालू नळ, चालू लाइट, इतकंच करा.

प्रश्न : विकण्याआधी घरावर जो खर्च करू तो टॅक्समध्ये वजा मिळतो का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळा नाही. घरात भर घालणारा कायमचा बदल असेल, म्हणजे परवानगी घेऊन वाढवलेली खोली वगैरे, तर तो नफ्यातून वजा धरता येतो. रंग, डागडुजी, गळती काढणं हे नेहमीचं मेंटेनन्स, ते सहसा धरत नाहीत, त्यामुळे टॅक्स वाचेल म्हणून खर्च वाढवू नका. ब्रोकरची दलाली मात्र वजा होते. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल तर नफा लाँग टर्म. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के टॅक्स, इंडेक्सेशन (महागाईच्या प्रमाणात खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही, पण घर त्या तारखेआधी घेतलेलं असेल आणि तुम्ही भारतातच राहत असाल तर २० टक्के इंडेक्सेशनसकट हिशोब करून ज्यात टॅक्स कमी तो धरता येतो. दोन्ही हिशोब सीएकडून करून घ्या. मिस्त्रीला पैसे बँकेतूनच द्या आणि पक्कं बिल घ्या. आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, तो तुमच्या पॅनवर दिसतोय का ते बघत राहा.

प्रश्न : रत्नागिरीजवळ गावी आजोबांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, सगळ्या भावंडांनी मिळून विकायचं ठरलंय. कौलं काढून पत्रा टाकला तर बरं दिसेल ना?
- एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो, पत्रा टाकू नका! गावचं घर शोधत मुंबई-पुण्याहून जी माणसं येतात त्यांना ती कौलं, तो चिरा, ते जुनं लाकूड हवं असतं. शाकारणी (कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं) करून घ्या, फुटकी कौलं बदला, वाशांना वाळवी लागलीय का ते टोचून बघा आणि लागली असेल तर तेवढे वासे बदलून औषध मारा. विहिरीवरचा पंप चालू ठेवा, अंगण झाडून घ्या, आवाराची हद्द दिसेल इतकं रान काढा.

पण त्याआधी सातबारा काढा. त्यावर आजोबांचंच नाव असेल, किंवा काका-आत्यांपैकी कुणाचं राहिलं असेल, तर वारसनोंद झाल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही, आणि आत्यांची सही लागतेच, त्यांना शेवटी सांगू असं करू नका. घराखालची जमीन गावठाणात आहे, एनए (बिगरशेती) आहे का शेतीची आहे हेही बघा, कारण शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती सहसा शेतकऱ्यालाच घेता येते आणि तुमचे निम्मे गिऱ्हाईक तिथंच कमी होतात. तलाठ्याकडून हे कळलं की मगच शाकारणीवाल्याला बोलवा, पाऊस सुरू व्हायच्या आत.