विनोदी चित्रपट महोत्सव भरवताय? आधी हॉल लहान घ्या

नाशिकमध्ये दोन दिवसांचा विनोदी चित्रपट महोत्सव करायचा आहे, लोकांना खरंच मजा यायला हवी, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मित्रांसोबत मी हे दोनदा केलंय. सिनेमांची यादी नंतर करा, आधी हॉल ठरवा. आणि तो लहानच घ्या.

पहिल्या वर्षी आम्ही मोठं नाट्यगृह घेतलं. सत्तर-ऐंशी माणसं आली, पण कुणी भिंतीकडेला बसलं, कुणी पार शेवटच्या रांगेत. हसू फुटायचं आणि तिथल्या तिथे विरायचं. शेजारची खुर्ची रिकामी असली की माणूस मोठ्याने हसायला लाजतो. दुसऱ्या वर्षी त्यातल्याच काही शॉर्टफिल्म १०० खुर्च्यांच्या सभागृहात लावल्या, पुढच्या रांगा भरेपर्यंत मागच्या दोरी लावून बंद ठेवल्या. एक हशा ओसरायच्या आत दुसरा उठायचा! त्या गडबडीत संवाद बुडतात, म्हणून आवाज थोडा वर ठेवा. रिकाम्या हॉलमध्ये पुरेसा वाटणारा आवाज माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये कमी पडतो.

सलग चार तास नुसता विनोद कुणालाच झेपत नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा त्याच खेळात नाच होता, पायांनी कसरत करणारा कलाकार होता, विनोदी प्रवेश होता आणि एक छोटी विनोदी फिल्मही होती. तोच मेळ तुम्ही घाला: आधी गावातल्या मुलांच्या पाच-सात मिनिटांच्या फिल्म, मग एखादा नकलाकार, मग मोठा सिनेमा. आपल्या कॉलेज रोडवर चित्रित झालेला प्रसंग पडद्यावर आला की जी ओळखीची खसखस पिकते, ती मोठ्या नटाच्या सिनेमालाही मिळत नाही.

हक्कांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. घरी बघायला घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीचं सबस्क्रिप्शन जाहीर खेळाला चालत नाही, निर्मात्याची लेखी परवानगी लागते. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या फिल्मसाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे महोत्सवाची सूट मागता येते, तो अर्ज लवकर करा. भारतात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे जुना मूकपट दाखवणं त्या मानाने सोपं. (नंतर जोडलेल्या संगीताचे हक्क मात्र वेगळे असतात, ते तपासा.) आम्ही मूकपटाचा आवाज बंद करून शेजारी पेटी-तबला बसवला होता. तबलजीने प्रत्येक पडण्याला अशी थाप दिली की पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. हे मनापासून सुचवतो.

उघड्या मैदानावर करणार असाल तर पोलिसांची परवानगी काढा आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद करा. डिसेंबर-जानेवारीत मैदान नकोच, नाशिकच्या थंडीत नऊनंतर माणूस थांबत नाही.

रविवारी सकाळचा खेळ साडेदहाला ठेवा, त्याआधी नाही. लोक मिसळ खाऊन येतात. आमचा तोच खेळ सगळ्यात आधी भरला.