कॅनडात थंडीत ट्रक चालवायचाय? मग हे वाच

भावा, तू विचारलंयस की खानापूरचा आहेस, चोर्ला-आंबोली घाटात ट्रक चालवलायस, तर कॅनडातल्या बर्फात जमेल काय. जमतंय की. मी निपाणीचा, इकडं ट्रकवरच आहे. फक्त आपलं हेवी लायसन इथं थेट चालत नाही, ऑन्टारियो प्रांतात एझेड आणि बाकी बहुतेक ठिकाणी क्लास वन नावाचं ट्रक-ट्रेलरचं लायसन लागतंय, त्याला आधी ट्रेनिंग, ऑन्टारियोत कमीत कमी 103.5 तास, तो खर्च धरूनच निघ.

आता थंडी. सगळे मायनस 40 ला घाबरतात, पण माझ्या मते शून्याच्या आसपासचा रस्ता जास्त वाईट, कडक थंडीत बर्फ कोरडा असतोय, टायरला थोडी तरी पकड मिळते, शून्याला बर्फावर पाण्याचा पातळ थर असतोय आणि रस्ता नुसता ओला दिसतोय. रस्त्यावरच्या अशा पातळ, पारदर्शक बर्फालाच ब्लॅक आइस म्हणतात. पुढच्या गाडीच्या टायरचं पाणी उडायचं एकदम बंद झालं आणि रस्ता अजून ओलाच दिसतोय, तर समज गोठलाय, ॲक्सिलेटर हळू सोड, ब्रेक दाबू नको. इंजिन ब्रेक तर लावूच नको, मागची चाकं घसरली की ट्रेलर वळून केबिनवरच येतोय. घाटातली ही सवय इथं मोडावीच लागते बघ.

कडक थंडीत त्रास वेगळा, डिझेल घट्ट होऊन फिल्टर चोंदतोय म्हणून थंडीसाठीचं विंटर डिझेल आणि रात्री इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर, ब्रेकच्या एअर टँकमधलं पाणी काढत राहायचं नाहीतर ब्रेकची लाइन गोठते. ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या हायवेंवर 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल गाडीत टायरवर चढवायच्या साखळ्या पाहिजेतच, त्या उन्हाळ्यातच चढवायला शिकून घे, वादळात बोटं चालत नाहीत. तिथल्याच रॉजर्स पास खिंडीत तर तोफा डागून हिमकडे पाडतात, तोवर रस्ता बंद, गप थांबायचं.

आणि खरी गोष्ट ही, पगार बऱ्याच ठिकाणी मैलावर असतोय, गाडी उभी राहिली की पैसे बंद, म्हणून माणूस नको तेव्हा निघतो आणि जीव जातो रे. नोकरी घेताना तोंडावर विचार, रस्ता बंद असला तर थांबल्याचे पैसे देता काय आणि मी निघत नाही म्हटलं तर काय करता. उत्तर टाळलं तर दुसरीकडं बघ. पहिला हिवाळा जुन्या ड्रायव्हरबरोबर काढायला मिळत असेल तर पैसे थोडे कमी मिळाले तरी तीच नोकरी घे.