पबच्या पाटीवरचं साल कितपत खरं?

प्रश्न : मुलगा इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहतो. तिथल्या ‘रॉयल ओक’ पबच्या दारावर ‘स्थापना 1540’ असं रंगवलंय. हे तपासता येतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येतं, आणि बरंचसं घरबसल्या. आधी नावच बघा. 1651 मध्ये वूस्टरची लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओकच्या झाडात लपला होता, त्यावरून हे नाव आलं. म्हणजे 1540 मध्ये ‘रॉयल ओक’ असणं शक्य नाही. पब जुना असून नाव मागाहून बदललं असेल, एवढीच पळवाट उरते.

इमारतीचं वय वेगळं, परवान्याचं वेगळं. घोळ इथेच होतो. नॉटिंगहॅमचा ‘ट्रिप टू जेरुसलेम’ भिंतीवर 1189 मिरवतो, पण आजची इमारत साधारण सतराव्या शतकातली. खेड्यात बरेचदा शेतकऱ्याचं जुनं घर 1830 नंतर पब झालेलं असतं. त्या वर्षीच्या कायद्याने कर भरणाऱ्या कुणालाही वर्षाला दोन गिनी भरून बिअर विकायची मुभा मिळाली. मॅजिस्ट्रेटची परवानगी नको, मात्र जिन-ब्रँडी विकायची नाही. 1869 मध्ये लगाम पुन्हा मॅजिस्ट्रेटांकडे गेला.

शोध अलीकडून मागे न्यायचा. 1921 पासून 1841 पर्यंतच्या जनगणनांत धंद्याचा रकाना वाचा. ‘लायसन्स्ड व्हिटलर’ असेल तर पूर्ण परवान्याचा पब. ‘बिअर रिटेलर’ असेल तर बहुधा 1830 नंतरचा. नुसतं ‘लोहार’ दिसलं म्हणून पान उलटू नका, दिवसा भाता आणि संध्याकाळी बिअर असे जोडधंदे सर्रास चालत. त्यानंतर 1836 च्या कायद्यानुसार चर्चच्या दशांशासाठी काढलेले टाइद नकाशे बघा. त्यात जमिनीचा क्रमांक, मालक आणि वहिवाटदार मिळतात, अगदी आपल्या सात-बारासारखे. त्याही मागे 1753 ते 1828 ची पबचालकांची जामीनपत्रं काउंटीच्या अभिलेखागारात असतात. त्यांत चालकाचं नाव हमखास मिळतं, पबचं मात्र पुष्कळदा नसतं. म्हणून चालकांची नावं आधी गोळा करून ठेवा.

प्रश्न : तो शनिवारी तिथे हातभार लावतो. पिंपातली बिअर कधी गढूळ येते, कधी आंबट. काय चुकतं?

उत्तर : ही बिअर पिंपातही आंबत असते, यीस्ट जिवंत असतं. नऊ गॅलनचं पिंप, म्हणजे फर्किन, आडवं ठेवून पाचरींनी पक्कं करा. तळघर 11 ते 13 अंशांवर हवं. वरच्या भोकात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकली की फेस येतो, तो पुसत राहायचा. फेस थांबला की कडक खुंटी बसवून तोटी ठोका आणि दिवसभर पिंपाला हात लावू नका. विक्रीच्या वेळी कडक खुंटी काढायची, नाहीतर आत पोकळी होऊन धार अडते. रात्री परत लावायची.

गढूळपणा बहुतेक वेळा पिंप हलवल्यामुळे येतो. ते तिरकं करायचं तर निम्म्याहून जास्त भरलेलं असतानाच, हळूहळू आणि गिऱ्हाईक नसताना. (गाळ बसवायला बरेचदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास घालतात, शाकाहारी पाहुण्यांना आधीच सांगा.)

आंबटपणा आत शिरलेल्या हवेचा. तोटी लागल्यापासून तीन दिवसांत 72 पाइंट, म्हणजे अख्खं फर्किन, खपत नसतील, तर साडेचार गॅलनचं ‘पिन’ मागवा.